अंगणातलं हरीण : ओळख किती, अंतर किती?

जंगलाच्या कडेला घर असलेल्या माणसाला हरीण पाहण्यासाठी सफारीची जीप लागत नाही. कोकणात उंबराखाली पडलेली फळं खायला भेकर वाडीत उतरतं. ताडोबा, नागझिरा, पेंचच्या आसपासच्या गावांत दिवस मावळताना चितळांचा कळप शेताच्या धुऱ्यापर्यंत येतो. सोलापूर आणि अहिल्यानगरच्या माळावर काळविटं ज्वारीच्या रानातून उड्या मारत जातात. आता शहरातल्या अनेकांनी जंगलालगत जमिनी घेऊन शेतघरं बांधली आहेत, त्यामुळे गावकऱ्यांच्या नेहमीच्या पाहण्यातलं हे दृश्य नव्या माणसांच्याही अंगणात आलं आहे. त्याबरोबर काही प्रश्न आले आहेत. हरणांसाठी काही खायला ठेवावं का? ती जवळ आली तर येऊ द्यावीत का? एखादं एकटं पाडस दिसलं तर उचलावं का? आणि रोज येणाऱ्या या जनावराशी खरोखर मैत्री होऊ शकते का?

या प्रश्नांवर जगभर बराच अनुभव साठला आहे. काही अभ्यासकांनी हरणांमागे आयुष्याची वर्षं घालवली, काही समाजांनी त्यांना शतकानुशतकं सांभाळलं, आणि काही ठिकाणी प्रेमापोटीच त्यांचं नुकसान झालं. तो सगळा अनुभव एकत्र मांडून पाहिला, तर उत्तर बरंच स्पष्ट होतं.

अंगणापर्यंत कोण येतं

आपण सरसकट हरीण म्हणतो त्यात दोन वेगळी कुळं आहेत. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणं. त्यांच्यात फक्त नराला शिंगं असतात, त्यांना फाटे फुटतात आणि ती ठरावीक काळाने गळून पुन्हा नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय हे गाई-बकऱ्यांच्या कुळातले. त्यांची शिंगं कायमची असतात. कोकण आणि सह्याद्रीच्या रानात आढळणारी, सुमारे तीन किलो वजनाची इवलीशी पिसोरी तर या दोन्ही कुळांपासून वेगळी आहे.

हा फरक अंगणातून पाहणाऱ्यालाही उपयोगाचा आहे, कारण प्रत्येकाची रीत निराळी आहे. चितळ कळपाने राहतं आणि माणसाच्या वस्तीजवळ सर्वांत लवकर सरावतं. भेकर एकटं किंवा जोडीने फिरतं, दाट झुडपाच्या काठाने येतं आणि धोका जाणवला की कुत्र्यासारखं भुंकतं. त्याच्या नराला शिंगांखेरीज वरच्या जबड्यात सुळेही असतात. सांबर बहुधा रात्रीचं येतं, त्यामुळे सकाळी फक्त खुरांचे ठसे दिसतात. काळवीट आणि चिंकारा उघड्या माळावरचे. त्यांचा भरवसा नजरेवर आणि वेगावर असतो, म्हणून ते दुरूनच माणसाचा अंदाज घेतात. घराजवळ सहज येणारं चितळ पाहून सगळ्यांकडून तीच अपेक्षा ठेवली, तर बाकीची जनावरं आपल्यामुळे आपली नेहमीची वाट सोडतात.

जुनी ओढ

हरणाविषयीचं प्रेम आपल्याकडे नवं नाही. कालिदासाची शकुंतला कण्वांच्या आश्रमात हरणाचं पाडस वाढवते, आणि ती सासरी निघते तेव्हा ते तिचा पदर ओढतं. भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरत राजाची कथा याच प्रेमाची दुसरी बाजू दाखवते. राज्य सोडून तपाला बसलेला भरत नदीत वाहून चाललेलं पाडस वाचवतो, त्याला लळा लावतो, त्याच्यात इतका गुंततो की मरताना मनात तेच राहतं आणि पुढचा जन्म हरणाचा मिळतो. त्यानंतरच्या जन्मी तोच जडभरत होतो. पाडसाला वाचवणं हे पुण्य, पण त्याला आपलं करून ठेवण्याचा हट्ट हे बंधन, असा विवेक ही कथा शिकवते. आजच्या वन्यजीवशास्त्राचा सल्लाही जवळपास तोच आहे.

राजस्थानातल्या बिश्नोई समाजाने हे प्रेम नियमात बांधलं. गुरू जांभोजींनी 1485 मध्ये स्थापन केलेल्या या पंथाचे 29 नियम आहेत आणि त्यांत जिवांवर दया व हिरव्या झाडाचं रक्षण येतं. 1730 मध्ये खेजडली गावात झाडं वाचवताना या समाजातल्या 363 जणांनी प्राण दिले. बिश्नोई गावांच्या शिवारात काळविटं आणि चिंकारे निर्धास्त चरतात, त्यांच्यासाठी पाण्याची सोय केली जाते आणि शिकाऱ्याला सगळं गाव मिळून अडवतं. या मैत्रीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पिकातला वाटा जातो हे त्या समाजाने मान्य केलेलं आहे, आणि तो भार एका घरावर न टाकता सगळ्यांनी उचलला आहे.

हरणांमागे आयुष्य घालवलेली माणसं

हरणांचं शास्त्रशुद्ध निरीक्षण करणाऱ्यांत फ्रँक फ्रेझर डार्लिंग यांचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांनी स्कॉटलंडच्या वायव्य डोंगराळ भागात लाल हरणांचा कळप अभ्यासला आणि 1937 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पायाखालच्या जमिनीची जाणीव तीव्र व्हावी म्हणून ते अनवाणी फिरत. पुढे स्कॉटलंडच्याच रम बेटावर लाल हरणांचा अभ्यास 1953 मध्ये सुरू झाला आणि 1972 पासून प्रत्येक हरीण ओळखून त्याच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. आई-लेकींचे गट, माद्यांमधली मानाची उतरंड, कोणत्या आईची पिल्लं जगतात यांविषयी आज जे ठामपणे सांगता येतं, त्यातलं पुष्कळसं याच बेटावरून आलं.

आपल्याकडे हे काम जॉर्ज शेल्लर यांनी केलं. 1963 ते 1965 या काळात त्यांनी कान्हाच्या जंगलात चितळ, सांबर, बारशिंगा आणि काळवीट यांचा वाघाच्या संदर्भात अभ्यास केला आणि 1967 मध्ये ‘द डिअर अँड द टायगर’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. चितळ आणि वानर यांची सोबतही कान्हात बारकाईने अभ्यासली गेली आहे. वानरं झाडावरून पाला-फळं टाकतात, चितळं ती खातात, आणि शत्रू दिसला की दोघंही एकमेकांच्या इशाऱ्याने सावध होतात. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’त आणि मारुती चितमपल्लींनी नवेगाव-नागझिऱ्याच्या लेखनात दाखवून दिलं की एका जागी शांत बसणाऱ्याला जंगल स्वतःहून दिसू लागतं. या सगळ्या निरीक्षणांत एक साम्य आहे. माणूस जागचा हलला नाही, आणि हरणाने किती जवळ यायचं ते हरणानेच ठरवलं.

यापेक्षा जवळ जाण्याचे प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात 2007 च्या शरद ऋतूत ओकची फळं आलीच नाहीत, तेव्हा लेखिका एलिझाबेथ मार्शल थॉमस यांनी घरामागच्या कुरणात पांढऱ्या शेपटीच्या हरणांना मका घालायला सुरुवात केली. त्यातून 2009 मध्ये ‘द हिडन लाइफ ऑफ डिअर’ हे पुस्तक झालं. कोणतं कुटुंब कधी येतं, कोण कोणाला हुसकावतं, तरुण हरणं कशी शिकतात याचं त्यांनी केलेलं वर्णन वाचण्यासारखं आहे. वन्यजीव खात्याचा चारा घालायला विरोध आहे याची त्यांना जाणीव होती आणि पुस्तकात त्यांनी तो प्रश्न टाळलेला नाही. वायोमिंगमध्ये जो हट्टो यांनी सुमारे सात वर्षं म्यूल हरणांच्या कळपाचा विश्वास संपादन केला. ‘टचिंग द वाइल्ड’ हे त्यांचं पुस्तक आणि त्यावरचा माहितीपट 2014 मध्ये आला. फ्रान्समध्ये जोफ्रुआ दलॉर्म यांनी नॉर्मंडीच्या जंगलात सात वर्षं रो हरणांसोबत काढल्याचं 2021 च्या पुस्तकात लिहिलं आहे.

ही पुस्तकं वाचून कोणालाही तसं करावंसं वाटेल. हट्टो यांच्या अनुभवाचा दुसरा भागही त्याच वेळी वाचला पाहिजे. एकेका हरणाला ओळखू लागल्यावर त्यांना एकेकाचं मरणही पाहावं लागलं. त्यांपैकी काही मरणं शिकाऱ्याच्या गोळीने होती. एका माणसावर बसलेला विश्वास हरीण दुसऱ्या माणसाला पाहून आवरून घेईलच असं नाही, आणि बंदूक कोणाच्या हातात आहे हे त्याला कळत नाही. आपल्याकडे परवान्याने शिकार होत नाही, पण फासे लावणारे, रात्री दिवे लावून गाडीतून निघणारे आणि कुत्री सोडणारे आहेत. माणसाला पाहून न पळणारं हरीण त्यांच्या हाती सर्वांत आधी लागतं.

मूठभर मक्याने काय होतं

चारा घालण्याविरुद्धचा पहिला मुद्दा पोटाचा आहे. हरीण रवंथ करणारं जनावर आहे. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ऋतूप्रमाणे मिळणाऱ्या पाल्या-गवतावर जगतात आणि आहार बदलला की त्यांना जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. अचानक भरपूर मका, भरडा, पोळ्या किंवा शिळा भात पोटात गेला, की आंबण्याची क्रिया बेसुमार वाढते, आम्ल साचतं आणि जनावर एक-दोन दिवसांत मरू शकतं. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात पोट मक्याने गच्च भरलेली मेलेली हरणं सापडतात ती यामुळेच. धान्याच्या पोत्यात शिरलेल्या शेळीचं काय होतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरा मुद्दा गर्दीचा. रानात विखुरलेली हरणं एका ढिगाभोवती जमली की दांडगी जनावरं आधी खातात आणि पाडसं, म्हाताऱ्या माद्या मार खातात. ज्यांच्यासाठी आपण खाऊ ठेवला त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही. शिवाय तोंडाला तोंड लागून रोग पसरतात. अमेरिकेत 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त म्यूल हरणांत एक झिजवणारा आजार प्रथम लक्षात आला. मेंदूतल्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा हा आजार आता तिथल्या 30 हून अधिक राज्यांत पसरला आहे. त्यावर औषध नाही, आणि त्याचं कारण ठरणारं प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. म्हणूनच अनेक राज्यांनी हरणांना चारा घालायला बंदी केली आहे. भारतात हा आजार आढळलेला नाही. पण लाळ्या-खुरकूतसारखे रोग आपल्या गोठ्यातून रानात आणि रानातून गोठ्यात जाऊ शकतात. गव्हाणीत उरलेला चारा हरणांपुढे टाकणं म्हणजे त्या रोगांना वाट करून देणं.

रोगाची वाट दुतर्फा असते. 2021 मध्ये अमेरिकेच्या चार राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या 40 टक्के नमुन्यांत कोरोना विषाणूची प्रतिपिंडं मिळाली. तो संसर्ग माणसांकडून हरणांत गेला होता. उलट दिशेचा धोका गोचिडांचा आहे. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप अलीकडे गोव्यातल्या सत्तरीपर्यंत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत पोचला. तो गोचिडांमार्फत पसरतो, आणि रानातल्या मोठ्या जनावरांच्या अंगावर ती पोसली जातात. काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना ही भीती चांगली ठाऊक आहे. हरणं आणि गोचिडं अंगणातच बोलावून आणण्याचं काही कारण नाही.

तिसरा मुद्दा हरणाच्या मागून येणाऱ्याचा. जिथे चितळ किंवा भेकर रोज ठरल्या वेळी येतं, तिथे बिबट्याही येतो. जुन्नर परिसरात उसाच्या रानात राहणारे बिबटे आणि ताडोबालगतच्या गावांजवळ फिरणारे वाघ यांचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रात हे दुर्लक्षून चालणार नाही. घराच्या पायरीपाशी हरणाची सवय लावणारा माणूस आपल्या आणि शेजाऱ्याच्या मुलांनाही धोक्यात घालतो.

माणसाळलेल्या कळपांचे धडे

संपूर्ण गावाने हरणांना जवळ केलं तर काय होतं, याची सर्वांत प्रसिद्ध जागा जपानमधलं नारा शहर. तिथल्या मंदिर परिसरातली हजाराहून अधिक सिका हरणं पवित्र मानली जातात आणि 1957 पासून त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा आहे. पर्यटकांना त्यांच्यासाठी खास बिस्किटं विकत मिळतात. ती तांदळाचा कोंडा आणि पिठाची असतात, त्यांत साखर नसते. इतकी काळजी घेऊनही प्रश्न सुटलेला नाही. खाण्यासाठी हरणं पर्यटकांना चावतात, ढुशा देतात. नरांनी इजा करू नये म्हणून शरदात त्यांची शिंगं कापण्याचा रिवाज सतराव्या शतकापासून चालत आला आहे. 2019 मध्ये मार्चपासून मेलेल्या 14 हरणांपैकी 9 हरणांच्या पोटात प्लास्टिक सापडलं. एकाच्या पोटात ते 4.3 किलो होतं. खाण्याचा वास लागलेली पिशवी हरणाला खाऊच वाटते.

आपल्या देशातलं उदाहरण अंदमानातलं आहे. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे चितळं नेऊन सोडली. त्यांना खाणारा प्राणी त्या बेटांवर नव्हता. ती पोहत बेटामागून बेटं गाठत गेली आणि त्यांच्या चरण्यामुळे जंगलात नवी रोपं वाढेनाशी झाल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. पूर्वीच्या रॉस बेटावर, म्हणजे आजच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, चितळं पर्यटकांच्या हातून खातात आणि लोक कौतुकाने फोटो काढतात. त्या कौतुकामागे बिघडलेलं जंगल आहे हे कोणी सांगत नाही. चेन्नईच्या आयआयटीचा परिसर गिंडीच्या जंगलातून काढलेला. तिथे चितळं आणि काळविटं इमारतींमध्ये फिरतात, पण प्लास्टिक आणि मोकाट कुत्री हे त्यांच्या जिवावर उठलेले दोन शत्रू ठरले आहेत.

सापडलेलं पाडस आणि कायदा

सर्वांत जास्त चुका पाडसाच्या बाबतीत होतात. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे हरिणी पिल्लाला गवतात किंवा झुडपात लपवून ठेवते आणि स्वतः लांब चरते. ती जवळ राहिली तर तिच्या वासावर शत्रू येईल, म्हणून हे अंतर. दिवसातून काही वेळा येऊन ती दूध पाजते. पिल्लू निपचित पडून राहतं, कारण तेच त्याचं संरक्षण. गवत कापताना किंवा तूर काढताना असं पिल्लू दिसलं, की ते पोरकं झालं असं समजून लोक उचलून घरी आणतात, गाईचं दूध पाजतात, आणि हगवण लागून ते मरतं. हरणाचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक स्निग्ध आणि प्रथिनयुक्त असतं, त्यामुळे त्याची उणीव सहज भरून काढता येत नाही.

जगलंच, तर दुसरी अडचण उभी राहते. माणसाच्या हाती वाढलेला नर मोठा झाला की माणसालाच आपला प्रतिस्पर्धी समजतो. रानातला नर माणूस पाहून पळतो, हा मात्र शिंगं रोखून येतो. लहानपणी मुलांसोबत खेळलेलं काळवीट किंवा चितळ माजावर येतं तेव्हा घरच्या माणसाला गंभीर जखमा करू शकतं.

कायदाही स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, फासे लावणं, हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं. वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे, आणि असा प्राणी कोणाच्या ताब्यात आला तर 48 तासांत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षांची कैद आहे. चितळाचं गळून पडलेलं शिंग शोभेसाठी घरी आणणंही कायद्यात बसत नाही.

खरोखर पोरक्या पिल्लांना जागा लागतेच. गडचिरोलीतल्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प 1973 मध्ये सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांनी तिथे शिकारीत आई गमावलेल्या पिल्लांचा सांभाळ केला आणि माडिया लोकांनी ती पिल्लं त्यांच्याकडे आणून दिली. त्या कामामागे दशकांचा अनुभव, रोजची शुश्रूषा आणि अधिकृत मान्यता आहे. घरी पाडस बांधून ठेवणाऱ्याने हेमलकशाचं उदाहरण देऊ नये. जखमी किंवा आई मेलेलं पिल्लू दिसलं, तर महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन करावा आणि माणसं येईपर्यंत कुत्री व बघ्यांची गर्दी लांब ठेवावी. पाठलाग झालेलं हरीण जखम नसतानाही पुढच्या काही दिवसांत मरू शकतं, कारण भीतीच्या ताणाने त्याचे स्नायू निकामी होतात. त्याला पकडायला धावणं हीच मोठी इजा ठरते.

शेजाऱ्याचं रान

हरणांवरच्या लेखनात शेतकरी बहुधा शेवटी येतो. खरं तर या प्रश्नाचा अर्धा भार त्याच्यावर आहे. हरभऱ्याचे घाटे, तुरीचे शेंडे, कपाशीचे कोंब, सोयाबीनची कोवळी पानं एका रात्रीत फस्त होतात. मचाणावर जागून राखण करणाऱ्याला हरीण पाहण्याचा आनंद कुठून असणार? पीक-नुकसानीची भरपाई आहे, पण अर्ज, पंचनामा आणि हाती येणारी रक्कम यांचा मेळ क्वचितच बसतो. अवघ्या दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरच्या रेहेकुरी अभयारण्यातली काळविटं कर्जत तालुक्यातल्या शेतांत उतरणारच, त्यांना सीमारेषा कळत नाही. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर हे माणसाने वाढवलेलं जंगल आहे. हरणांना तिथे आसरा मिळाला, आणि कडेच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला पिकाचं नुकसान आलं.

सहनशक्ती संपली की काय होतं ते बिहारमध्ये दिसलं. 2015 च्या अखेरीस तिथल्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर उपद्रवी जाहीर झाले आणि 2016 मध्ये नीलगायींना गोळ्या घातल्या गेल्या. महाराष्ट्रात काही जण कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडतात. त्यात हरणं, वाघ आणि माणसंही मेली आहेत. सौर कुंपण, म्हणजे गावात ज्याला झटका मशीन म्हणतात ते, क्षणभराचा धक्का देऊन जनावराला परतवतं आणि मारत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेसारख्या योजनांतून त्यासाठी मदत मिळते.

आठवड्यातून दोन दिवस येणारा शेतघराचा मालक हरणांना बोलावून घेतो आणि उरलेले पाच दिवस ती शेजाऱ्याच्या हरभऱ्यात असतात, ही मैत्री शेजाऱ्याच्या खर्चाने चाललेली आहे. ती न्यायाची नाही. ज्याला हरणं हवी आहेत, त्याने शेजाऱ्याच्या कुंपणाच्या खर्चात वाटा उचलावा आणि नुकसानीच्या पंचनाम्यासाठी त्याच्यासोबत वनपालाकडे जावं. हरणांचं रक्षण अखेर त्याच शेजाऱ्याच्या हातात आहे.

पाहायचं कसं

चारा घातला नाही तर हरीण दिसणार कसं, असा प्रश्न येईल. उत्तर हरणाच्या इंद्रियांत आहे. त्याचं नाक सर्वांत तीक्ष्ण, म्हणून वारा हरणाकडून आपल्याकडे येईल अशा जागी बसावं. त्याच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. तांबडा-भगवा त्याला फिकट दिसतो, पण निळा आणि नीळ घातलेला शुभ्र पांढरा ठळक दिसतो. मळकट, मातकट कपडे बरे. हालचाल मात्र त्याला दुरूनही लगेच कळते, त्यामुळे एकाच जागी, एकाच वेळी, रोज सारखंच बसणं हा सर्वांत चांगला उपाय. पडवी, गोठ्याचा आडोसा किंवा माडीची खिडकी पुरते.

हरणाचं शरीर आपल्याला सतत काही सांगत असतं. कान पुढे रोखले, मान ताठ झाली, पुढचा पाय जमिनीवर आपटला, चितळाने शेपूट वर करून पांढरा भाग दाखवला, की आपण फार जवळ आहोत. खाणं थांबलं तरी तेच समजावं. ते बसून निवांत रवंथ करू लागलं, तर आपली उपस्थिती त्याने मान्य केली आहे. याहून मोठी पावती नाही, आणि याच्या पुढे जाण्याची गरजही नाही.

वही ठेवली तर पाहण्याला खोली येते. वेळ, वारा, नर-मादी-पिल्लं, खाल्लेलं झाड, शिंगांची अवस्था लिहावी. वाढत्या शिंगावर मखमली कातडं असतं, मग ते सुकून गळतं. मध्य भारतात उन्हाळ्यात बहुतेक चितळ नरांची शिंगं पक्की झालेली असतात आणि त्यांची आरोळी ऐकू येते. पाडसं मात्र वर्षाच्या कोणत्याही महिन्यात दिसू शकतात. कानाची चीर, ठिपक्यांची रांग, शिंगाचा फाटा यांवरून एकेक जनावर ओळखता येऊ लागतं. बुद्धपौर्णिमेला वनखात्याच्या निसर्गानुभव उपक्रमात पाणवठ्यावर रात्रभर मचाणावर बसता येतं, नवशिक्याने तिथून सुरुवात करावी. डोळ्यांवर विजेरी मारू नये, फ्लॅश वापरू नये, ड्रोन उडवू नये. आणि फोटो टाकताना जागेचं नाव टाकू नये, कारण तो फोटो शिकारीही पाहतो.

निष्कर्ष

सगळा अनुभव जमेस धरला तर निवाडा असा आहे. हरणाशी मैत्री होते, पण ती त्याच्या अटींवर. त्याला आपल्या असण्याची सवय होणं चांगलं, आपल्या हाताची सवय होणं वाईट. हातातला घास आणि अंगावरून फिरवलेला हात यांत आपलं मन भरतं, आणि किंमत हरीण व शेजारी मोजतात.

करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. परसातल्या आणि शेतातल्या उघड्या विहिरीला कठडा बांधा, कारण दरवर्षी कितीतरी हरणं विहिरीत पडून मरतात. घरची कुत्री संध्याकाळनंतर बांधून ठेवा आणि गावातल्या मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागा. गुरांना लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर द्या. प्लास्टिक उघड्यावर टाकू नका. घरापासून लांब, बांधाच्या पलीकडे उंबर, आवळा, बेहडा, बोर लावा. पाण्याची सोय करायचीच असेल, तर वनखात्याच्या सल्ल्याने जंगलाच्या बाजूला, उतरता काठ ठेवून करा. फासा दिसला तर फोन करा. ही कामं करणाऱ्याच्या शिवारात हरीण स्वतःच्या पायांनी येईल आणि तसंच परत रानात जाईल. जंगलाकाठी राहणाऱ्या आणि तिथे नव्याने राहायला जाणाऱ्या प्रत्येकाने यातलं पहिलं काम, विहिरीचा कठडा, या उन्हाळ्याआधी पूर्ण करावं.